हेमसिंगला फाशी देणारा बाबू

कामरगावात शालिग्राम पट्टेबहादूर म्हणजे काट्यावरचा बाबू. सरकारी कापूस खरेदी सुरू झाली, सरकी काढणाऱ्या जिनाच्या आवारात मोठा काटा बसला आणि त्या काट्यापाशी टेबल टाकून हा पावत्या लिहायला बसला. अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. पावसाळ्यात विहारात ग्रंथवाचन असलं की वाचायला त्यालाच बसवत, आणि तो वाचत असला की म्हाताऱ्या बायासुद्धा पेंगत नसत. बाकी माणूस इतका गरीब, की घरात विंचू निघाला तर चिमट्यात धरून दूर बांधावर सोडून यायचा. आणि याच माणसानं मुंबईत इतके खून पाडले होते, की त्याचा हिशेब त्याला स्वतःलाही लागत नव्हता.

खरे नव्हे हो, पुस्तकातले! शालिग्राम रहस्यकथा लिहायचा. एसटी स्टँडवर दोरीला लटकवून ठेवतात ना, वर बाईचा घाबरलेला चेहरा आणि खाली पिस्तूल, तसली.

"माहं नशीबच असं," त्याची बायको विमलबाई म्हणायची. "लोकाईचे नवरे सकाळी उठून दूध आनतात, आमचे मुडदा घेऊन बसतात."

बाईचं काही चुकत नव्हतं. पहाटे तिनं चूल पेटवली की शालिग्राम मांडीवर फळी घेऊन चुलीच्या उजेडाला बसायचा आणि लिहिलेली प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवायचा. ती भाकरी थापता थापता ऐकायची.

"लिफ्टमधी मुडदा पडला होता," तो वाचायचा.

"लिफ्ट म्हंजे काय वो?"

"विहिरीत बादली असते न, तशी. पन तिच्यात मानसं बसतात."

"अन दोर तुटला त?"

शालिग्राम पुढची ओळ वाचायला घ्यायचा. त्यानं लिफ्ट पाहिलेली नव्हती. लिफ्ट कशाला, त्यानं मुंबईच पाहिलेली नव्हती. अकोल्याच्या पुढं तो कधी गेलाच नाही. त्याची सगळी मुंबई कामरगावातून निघायची. त्याच्या मलबार हिलवरचे शेठ उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपत, आणि त्याचा इन्स्पेक्टर राजवर्धन खुन्याच्या मागावर असताना मध्येच थांबून ठेचाभाकर खाई. पुण्याच्या प्रकाशकाकडचा माणूस लाल शाईनं हे सगळं खोडायचा. पण एकदा एक कोट्यधीश शेठाणी पहाटे सडा टाकताना तशीच छापून गेली, तर वाचकांना तीच फार आवडली म्हणे.

आता दुःखाची गोष्ट. या इतक्या पुस्तकांतल्या एकावरही शालिग्रामचं नाव नव्हतं. पहिलं हस्तलिखित पाठवलं तेव्हाच प्रकाशकानं कळवलं होतं, की कथा उत्तम आहे, पण पट्टेबहादूर हे नाव रहस्यकथेला शोभत नाही; आमच्याकडे निशिकांत सरंजामे या नावाला मागणी आहे. हा सरंजामे कोण? कोणीच नाही! त्याला घर नाही, दार नाही, आईबाप नाहीत. पाचसहा गरजू माणसं गावोगावी बसून लिहायची, आणि वर छापलं जायचं हे एकच भारदस्त नाव. पैसे यायचे, नाव यायचं नाही.

"शोभत नाही म्हंजे?" विमलबाई कडाडली होती. "माया सासऱ्याचं आडनाव हाय ते." ते 'शोभत नाही' तिनं लहानपणापासून वेगवेगळ्या तोंडून ऐकलं होतं. त्याच्या आत काय असतं हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शालिग्रामलाही नव्हती. पण त्याला लिहिल्यावाचून राहवत नसे, आणि छापल्यावाचून लिहिलेलं खरं वाटत नसे. म्हणून तो घोट गिळून बसला.

विमलबाईला मात्र ते गिळवेना. एकदा कापूस वेचणीला गेली असताना तिनं बायांना सांगून टाकलं, की माझा माणूस पुस्तकं लिहितो. बाया हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती बंजाऱ्यांच्या वडाच्या तांड्याची जमनाबाई, हेमसिंगची बायको. दुसऱ्या दिवशी विमलबाई एक पुस्तक पदराखाली घालून घेऊनच गेली. वाटेनं जाणाऱ्या कोणीतरी वरचं नाव वाचलं, आणि जमनाबाई कोपरापर्यंतच्या बांगड्या खळखळवत म्हणाली, "विमल, हे त दुसऱ्याच मानसाचं पुस्तक हाय वो! तुया मानसाचं नाव कुठं हाय?"

वाचनालय सांभाळणाऱ्या उकंडराव गुरुजींनीही तोच शिक्का मारला. "शालिग्राम मानूस चांगला हाय," ते म्हणाले, "पन सरंजामे पुन्याचे. मोठे लेखक हायेत ते." गुरुजींचा निकाल म्हणजे गावाचा निकाल. त्या रात्री ताट वाढताना विमलबाई एवढंच म्हणाली, "एका पुस्तकावर नाव आना. एकाच. मंग मी तुमाले काही मागत नाही."

शालिग्रामनं पुण्याला पत्रांवर पत्रं टाकली. छापील पुस्तकावर त्याचं नाव कधीच आलं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी तोंड वाकडं करायला नको.

चौऱ्याहत्तरच्या हंगामात कापूस दणकून आला. जिनाच्या फाटकापासून थेट स्टँडपर्यंत बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची रांग. शालिग्राम दिवसभर पावत्या लिहायचा: शेतकऱ्याचं नाव, बापाचं नाव, राहणार अमुक. मान वर करायला फुरसत नाही. त्यातच पुण्याची तार आली, की पुस्तक ताबडतोब पाठवा.

पुस्तक तयारच होतं, फक्त त्यात खुनी नव्हता. ही शालिग्रामची नेहमीची पद्धत. खुनी कोण, हे त्याला शेवटपर्यंत माहीत नसायचं. नावाच्या जागी तो रिकामी जागा सोडत जायचा, आणि सगळं झालं की विमलबाईला वाचून दाखवून, तिला ज्याचा संशय आला नाही त्याचं नाव भरायचा. पण त्या आठवड्यात विमलबाई भावाकडं रिठदला गेलेली. शालिग्राम काट्यावरून आला, सुजलेला हात गरम पाण्यात बुडवला आणि एकटाच रिकाम्या जागा भरायला बसला. डोळे मिटत होते. दिवसभराच्या सवयीनं हात आपला चालत राहिला, आणि त्या दिवशीच्या शेवटच्या बंडीवाल्याचं नाव त्यानं जसंच्या तसं सगळीकडं भरून टाकलं: हेमसिंग सोमला राठोड, राहणार वडाचा तांडा.

सगळीकडं म्हणजे सगळीकडं! नायिका अंधाऱ्या जिन्यावर किंचाळते तिथंही, "सोडा मला, हेमसिंग सोमला राठोड, राहणार वडाचा तांडा!" सकाळी न वाचताच त्यानं ते पाकीट टपालात टाकलं. खुन्याचं नाव विमलबाईच्या कानावरून न जाता गेलेलं हे एकच पुस्तक. आणि पुण्याचा तो लाल शाईवाला? नाव कसं झोकदार आहे, एखाद्या डाकूसारखं, असं म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं.

'लिफ्टमधला मुडदा' छापून आलं ते पंजाबरावच्या हाती पडलं. पंजाबराव कारंजाच्या रस्त्यावर जीप चालवायचा. जीप गच्च भरल्याशिवाय हलायची नाही, आणि तोवर लोक उतरून जाऊ नयेत म्हणून हा पठ्ठ्या बोनेटवर बसून त्यांना पुस्तक वाचून दाखवायचा. त्या दिवशी शेवटचं प्रकरण होतं. माणसं जीव मुठीत धरून ऐकत होती.

"अन इन्स्पेक्टर राजवर्धननं बुरखा ओढला," पंजाबराव वाचत होता. "खुनी दुसरा कोनी नसून होता... हेमसिंग सोमला राठोड, राहनार वडाचा तांडा!"

सगळ्यांच्या माना एकदम मागं वळल्या. मागच्या बाकावर हरभऱ्याचं पोतं मांडीशी घेऊन खुद्द हेमसिंग बसला होता.

"मी?" तो म्हणाला. "मी त मुंबईले गेलोच नाही बापा!"

"थांब, पुढं पाहू," म्हणत पंजाबरावनं पान उलटलं, आणि बिचाऱ्याचा आवाजच उतरला. पुढच्या पानावर हेमसिंगला फाशी झाली होती.

पहिले दोन दिवस हसण्यात गेले. हेमसिंगलाही आधी मौजच वाटली. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं तो ज्याला त्याला सांगायचा. पण बाजारातून बाजारात जाता जाता बातमीतलं पुस्तक गळून पडलं आणि फाशी तेवढी राहिली. त्याच्या मुलीची सगाई दिग्रसकडच्या तांड्यात ठरत आली होती. मुलाचा बाप धावत आला. हेमसिंग गोठ्यात म्हशीला पेंड घालताना दिसला, तरी त्याचा चेहरा उजळेना.

"जिवंत हाय हे दिसून राह्यलं," तो म्हणाला. "पन खुनाचं काय? छापून आलं म्हंजे कायतरी असनच."

बोलणी थांबली. जमनाबाईनं अन्न सोडलं. हेमसिंगच्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. आपलं नाव, बापाचं नाव आणि पुढं 'राहणार वडाचा तांडा' असं सगळं एका दमात लिहिणारा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता.

तांड्याची नसाब बसली, म्हणजे न्यायाची बैठक. लिंबाच्या झाडाखाली तांड्याचे प्रमुख जगदेव नाईक, त्यांच्या भोवती सगळा तांडा, आणि एका अंगाला बोलावून आणलेला शालिग्राम. मागं बायांत विमलबाई. उकंडराव गुरुजीही काखेत पुस्तक घेऊन आले होते, कारण बाबूवर नाहक आळ येतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"बाबू, म्या तुयं काय बिघडवलं होतं?" हेमसिंगनं विचारलं. "माया कापसात पानी होतं का? वजनात मी कधी भांडलो का? मंग मले फासावर काहून चढवलं?"

शालिग्राम खाली मान घालून बसलेला. गुरुजी उठले. "नाईक, आळ घेऊ नका. हे पाहा, नाव वाचा. निशिकांत सरंजामे. पुस्तक पुन्याचं हाय. योगायोग होत असतेत. शालिग्राम बाबू सज्जन मानूस हाय, पन लेखक नाही तो."

नाईकांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. "बाबू, तू सांग. तुयं नसन त नाही म्हन, अन घरी जाय."

जे नाव लागावं म्हणून विमलबाई इतकी वर्षं झुरली, तेच आता लागू नये म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत होती. सरकारी खरेदीच्या बाबूनं शेतकऱ्याला पुस्तकात फाशी दिली, असं साहेबाच्या कानावर गेलं तर काट्यावरून उठवतील. आणि सुटायचा रस्ता तर गुरुजींनीच झाडून दिला होता. "नाही म्हना," ती बसल्या जागेवरून हलकेच बोलली. "अवो, नाही म्हना न."

शालिग्रामनं ते ऐकलं. तिच्याकडं एकदा पाहिलं. मग पायजम्याची माती झटकून तो उभा राहिला.

"मायंच हाय, नाईक," तो म्हणाला. "हे बी अन याच्या आंधीचे बी. सरंजामे बिरंजामे कोनी नाही. मीच हाव."

गुरुजींनी चष्मा काढला तो पुसतच राहिले. विमलबाईला रडू आलं. भीतीचं किती आणि कसलं किती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मंग माया मानसाले काहून मारलं?" जमनाबाई उठून पुढं आली.

"मारलं नाही वो बाई. हात चुकला. झोपेत होतो. त्या दिवशी तुमची बंडी शेवटची होती."

कोणीतरी खुदकन हसलं, पण जमनाबाई हसली नाही. "माया पोरीची सगाई मोडून राह्यली, अन तू हात चुकला म्हनतं!" शालिग्राम त्या सगळ्या माणसांसमोर ढसाढसा रडला. इतक्या मुंबईकरांना मारताना त्याच्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नव्हतं.

नाईकांनी निकाल दिला. "ज्यानं फासावर चढवलं त्यानंच उतरवाचं. दिग्रसच्या पाहुन्यासमोर. लिहून आन अन वाच."

साहेबाच्या कानावर हे गेलंच. त्यानं शालिग्रामला बोलावलं, दार लावून घेतलं आणि दम भरला, की पुढच्या पुस्तकात माझं नाव आलं तर याद राखा. मग हळूच विचारलं, "तो राजवर्धन लग्न कधी करणार आहे?" साहेब सगळी पुस्तकं वाचत होता. विमलबाईनं हे ऐकलं तेव्हा कुठं तिच्या घशाखाली घास उतरला.

पण लिहायला बसल्यावर शालिग्रामची खरी पंचाईत झाली. हेमसिंगला सोडवायचं तर खून दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारावा लागणार. तो पहाटे चुलीपाशी बसून नावं घ्यायचा आणि खोडायचा. कोणतंही नाव घ्या, ते कोणाचं तरी निघायचं. एक भाच्याचं निघालं, एक शिंप्याचं, एक तर चक्क उकंडराव गुरुजींच्या जावयाचं.

"कोनाचं बी नाव घातलं त कोनाच्या तरी घरी रडारड," तो कंटाळून म्हणाला.

विमलबाईनं भाकरी उलटली. "ज्याले माय नाही, बाप नाही, गाव नाही, त्याचं नाव घाला."

"असा कोन हाय?"

"तुमचा तो सरंजामे."

शालिग्रामनं फळी मांडीवर ओढली. मग जो लिहीत सुटला, तो काट्यावर जायची वेळ झाली तरी उठेना.

पाहुणे आले, तांडा जमला. कामरगावातूनही माणसं आली, कारण पंजाबरावनं सबंध जीप भरून आणली होती. शालिग्रामनं विहारात वाचायचा तोच आवाज लावला. फासाची दोरी हेमसिंगच्या गळ्यापाशी आली, आणि इन्स्पेक्टर राजवर्धन घोड्यावरून ओरडत आला, "थांबा! हा माणूस निर्दोष आहे. हा त्या दिवशी कामरगावात काट्यावर कापूस मोजत होता, आणि त्याची पावती माझ्याजवळ आहे!" तांड्यानं टाळ्या वाजवल्या. राजवर्धननं हेमसिंगला मानाचा नारळ दिला, त्याची माफी मागितली. मग खरा खुनी पकडून आणला. जेलरनं विचारलं, नाव? निशिकांत सरंजामे. बापाचं नाव? माहीत नाही. राहणार? कुठलाच नाही. "मग तुला रडायला कोणी नाही," असं म्हणून जेलरनं खटका ओढला.

हसूनहसून माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. दिग्रसच्या पाहुण्यानं उठून हेमसिंगला मिठी मारली. मग गुरुजींनी वाचनालयाची प्रत पुढं केली, हातानं लिहिलेली नवी पानं सुईदोऱ्यानं तिला शिवून टाकली, आणि आता सगळं झालं असं वाटत असतानाच जमनाबाई बोलली.

"जो फासावर गेला, त्याचं नाव वरती कायले ठेवता?"

नाईकांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी खिशातला पेन काढला आणि शालिग्रामच्या हातात दिला. शालिग्रामनं सरंजामे खोडला. पुढं काय लिहायचं याचा त्याला विचार करावाच लागला नाही. हात सवयीनं चालला. शालिग्राम तुकाराम पट्टेबहादूर, राहणार कामरगाव.

जमनाबाईनं पुस्तक उचललं, आपल्या मुलीकडून वरचं नाव मोठ्यानं वाचून घेतलं, आणि बायांमधून वाट काढत येऊन ते विमलबाईच्या मांडीवर ठेवलं.

"घे वो," ती म्हणाली. "तुया मानसाचं नाव."

या घडीला काय बोलायचं ते विमलबाईनं वेचणीच्या त्या दिवसापासून ठरवून ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. त्यातलं तिला एक अक्षर आठवलं नाही. बाया पुस्तक बघायला वाकू लागल्या, तशी ती दोन्ही हात आडवे धरून बसली. शाई ओली होती. ती वाळेपर्यंत तिनं कोणाला हात लावू दिला नाही.